टाळ्या कुणासाठी?

रशियन बॅले म्हटलं की मला आधी माया प्लिसेत्स्कायाच आठवते. यूट्यूबवर तिचं 'स्वान लेक' मिळालं तर जरूर बघा. या बाईच्या हातांत हाडं आहेत की नाहीत, असा प्रश्न पडतो!

तिची गोष्ट कळली की मात्र तेच हात वेगळे दिसायला लागतात. स्टालिनच्या राज्यात, १९३८ साली, तिच्या वडिलांना गोळ्या घातल्या. आईला तान्ह्या बाळासकट छावणीत पाठवलं. माया नाचत राहिली. मॉस्कोत परदेशी पाहुणे आले की सरकार कौतुकाने तिचाच नाच दाखवायचं. पण १९५६ मध्ये बोल्शोईची मंडळी लंडनला निघाली, तेव्हा तिला मागेच ठेवलं. पळून गेली तर?

२०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर 'आता रशियन बॅले बघायचा तरी का?' असा प्रश्न पुढे आला. त्याच मार्चमध्ये ओल्गा स्मिर्नोव्हाने युद्धाचा जाहीर निषेध केला, बोल्शोई सोडलं आणि ॲमस्टरडॅम गाठलं. सेंट पीटर्सबर्गमध्ये शिकलेला नाच तिच्यासोबतच गेला.

सगळेच कलाकार असे निघत नाहीत, कबूल. पण सत्ता नाच फक्त मिरवते. लहानपणापासून बोटं सोलून निघतात ती नाचणाऱ्यांची. मी बघत राहणार. टाळ्या त्यांच्यासाठी.

तुम्हाला काय वाटतं?