गावकुसाबाहेरची २८० अक्षरं



हा अंकही उशिरा निघतोय. कागदाचे पैसे जमत नव्हते. दोघातिघांनी सल्ला दिला, 'कशाला अंक काढता राव? ट्विटरवर टाका. फुकट आहे, सगळं जग वाचतं.' हे संपादकीय त्या 'फुकट'बद्दल आहे.

आम्ही यंत्राला शिव्या घालणारे नाही. मार्च २००६ मध्ये ट्विटर सुरू झालं. त्याच साली २९ सप्टेंबरला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना ठार मारलं. मोठ्या पेपरवाल्यांना जाग यायला आठवडे लागले. आपले लोक रस्त्यावर उतरले तेव्हा कुठं त्यांना बातमी दिसली. दहा वर्षांनी, जुलै २०१६ मध्ये उनात मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या पोरांना गाडीला बांधून झोडपलं. व्हिडिओ मारणाऱ्यांनीच काढला, मिरवायला. तो हजारो हातांतून फिरला आणि देशभर त्यांचंच तोंड काळं झालं. संपादकाच्या दारात ताटकळत बसावं लागलं नाही. ही कमाई खरी आहे. ती आम्ही नाकारत नाही.

पण दार कुणाचं, हा प्रश्न तिथंच आहे.

३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला. पैसे देऊ केले तरी 'केसरी'नं त्याची जाहिरात छापली नाही. ज्याचा छापखाना त्याचं तोंड, हे बाबासाहेबांना तेव्हाच कळलं होतं. म्हणून १९२७ ला 'बहिष्कृत भारत', १९३० ला 'जनता', १९५६ ला 'प्रबुद्ध भारत'. एक पत्र बंद पडलं की दुसरं. आपलं पत्र पाहिजे हा हट्ट सुटला नाही.

आता या नव्या वाड्याचा हिशेब बघा. एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावायची. २० नावाला ठेवली, १४० आपल्या वाट्याला आली. २०१७ ला ती २८० झाली. मशीन काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडलेलं अक्षर, सगळं सुटं मोजतं. 'अस्पृश्य' डोळ्याला तीन अक्षरं, मशीनला आठ. 'स्त्री' डोळ्याला एक, मशीनला सहा. हरकत नाही. ओझ्याचं माप घ्यायची हमालाला सवय असते. या मापात आमच्या पोरांच्या कवितेतला फापटपसारा गळाला, हेही कबूल.

२०१८ साली कंपनीचा साहेब भारतात आला. ब्राह्मणी पितृसत्ता मोडा असं सांगणारं पोस्टर हातात धरून त्यानं फोटो काढला. पोस्टर एका दलित बाईनं केलेलं. वरच्यांनी बोंब ठोकताच कंपनी म्हणाली, हे आमचं मत नव्हे. वर माफीही मागितली. साल्यांना पोस्टर धरायला हात होता, निभवायला कणा नव्हता. नोव्हेंबर २०१९ मध्ये आपल्या लोकांनी जाहीर विचारलं, निळी टिकली कुणाला मिळते, खाती कुणाची बंद होतात? कंपनीनं भेदभावाचा आरोप नाकारला. ऑक्टोबर २०२२ मध्ये मस्कनं सगळा वाडाच ४४ अब्ज डॉलरला घेतला. जुलै २०२३ ला नाव बदलून एक्स केलं. टिकली विकायला काढली. भारतात २०२३ ला मोबाईलवर तिचा भाव महिन्याला ९०० रुपये होता. ९०० रुपयांत कुणाच्या घरी किती दिवस चूल पेटते, ते ज्याचं त्यानं मोजावं.

जोडीच्या ॲपांचंही तेच. ट्वीटडेकवर रांगेनं खिडक्या उघडायच्या. एकीत जय भीम, एकीत अत्याचाराच्या बातम्या, एकीत आपला जिल्हा. सगळं एका नजरेत, तेही फुकट. ऑगस्ट २०२३ पासून त्याला पैसे. बाहेरच्यांनी बनवलेली ॲपं जानेवारी २०२३ मध्ये न सांगता तोडली. वाइन २०१७ ला गेलं, पेरिस्कोप २०२१ ला, आपल्याकडचं कू २०२४ ला. मालकानं कुलूप घातलं की भाडेकरूचं सामान रस्त्यावर.

आणि वाचतं कोण? मागच्या पावसाळ्यात धक्क्यावर स्लिंग तुटली. माल टोळीपासून हातभर अंतरावर पडला. माणूस वाचला, नशीब. मी फोटो टाकला. सात जणांनी हृदय पाठवलं. तिसऱ्या दिवशी कंत्राटदाराच्या माणसानं त्याच्या मोबाईलवर मलाच माझा फोटो दाखवला. म्हणाला, 'कवी, उद्यापासून येऊ नको.' अकरा दिवस घरी बसलो. त्या अकरा दिवसांत सातातलं एकही हृदय विचारायला आलं नाही. आली ती टोळी. टोळीतले सगळे मुकादमासमोर जाऊन उभे राहिले, म्हणाले, हा नाही तर आम्ही नाही. मग मी कामावर. स्लिंगही नवी आली. हे काही ट्रेंड झालं नव्हतं.

म्हणून मित्रांनो, लिहा. तिथंही लिहा. वाडा त्यांचा म्हणून आपण गप्प बसायचं, हे आपल्या बापजाद्यांनी पुष्कळ केलं. पण ट्विट म्हणजे फिर्याद नव्हे. १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा ट्रेंडवर चालत नाही, फिर्यादीवर चालतो. आधी पोलीस ठाण्यात चार माणसं घेऊन जा, एफआयआरची प्रत घ्या, मग मोबाईल काढा. अत्याचार झालेल्या आपल्या बहिणीचं नाव आणि फोटो टाकू नका. तो गुन्हा आहे, आणि तिचा दुसऱ्यांदा अपमान आहे. जे टाकाल त्याची तारीख, वार, गाव वहीत उतरवून ठेवा. खातं उद्या जाईल, वही राहील.

आणि हा अंक निघेल. उशिरा निघेल, फाटक्या कागदावर निघेल, पण निघेल. याची अक्षरं कुणी मोजत नाही, याची टिकली कुणी विकत नाही. वाचून झाला की शेजारच्याला द्या. त्यालाही द्या, ज्याला वाचता येत नाही. त्याला मोठ्यानं वाचून दाखवा.

जय भीम!