कसूर कोणाचा, भार कोणावर
सुरतेच्या उधना-लिंबायत भागांत स्थिरावलेल्या खानदेशी कुटुंबांत आता मोटारी आल्या आहेत, आणि त्यांच्याबरोबर विम्याच्या दस्तऐवजातील ती तरतूदही आली आहे, जिच्याकडे सही करताना सहसा कोणाचे लक्ष जात नाही: वर्षभर दावा न करणाऱ्या मालकास स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीपुरत्या हप्त्यात प्रथम 20 टक्के, मग क्रमाने 25, 35, 45 आणि पाच दावारहित वर्षांनंतर 50 टक्के सवलत मिळते, आणि एका दाव्यासरशी ही संचित सवलत सामान्यतः शून्यावर येते. कसूर कोणाचा, हा प्रश्न येथे विचारलाच जात नाही, हे मला अन्यायाचे वाटते. रिंग रोडवर बेदरकारपणे दुसऱ्यास धडक देणारा, आणि ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून सोडलेले पाणी तापीवाटे शहरात शिरले तेव्हा ज्याची मोटार अंगणात उभ्या उभ्या बुडाली तो, हे दोघेही दावा करताच एकाच पंक्तीस बसतात. तिऱ्हाइताच्या हानीसाठी 1988 च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीच्या केलेल्या विम्याचा हप्ता तर खाजगी मोटारीच्या इंजिनाची क्षमता पाहून आकारला जातो. चालकाच्या दक्षतेची अथवा निष्काळजीपणाची त्यात दखलच नाही. सबब किरकोळ पोचा आल्यास दुरुस्तीचा खर्च आणि गमावली जाणारी सवलत यांचा हिशेब मालकाने आधी मांडावा. शिवाय ही सवलत गाडीची नसून मालकाची असल्यामुळे गाडी विकताना तिचा दाखला विमा कंपनीकडून अवश्य मागून घ्यावा, आणि विम्याची मुदत संपल्यावर 90 दिवसांच्या आत नूतनीकरण करावे, अन्यथा ती लोप पावते.