चाकांवरील संसार

पुत्र किंवा कन्या अमेरिकेंत असलेलीं घरें आमच्या वाचकवर्गांत आतां थोडीं नाहींत. अशाच एका घरांतील वडील गृहस्थांनीं आम्हांस लिहिलें आहे कीं, "चिरंजीव व सूनबाई तेथील राहतें घर विकून मोटारीमागें जोडावयाच्या डब्यांत कायमचे राहावयास जाणार म्हणतात, नातवंडें दोन आहेत, हा विचार समजावा कीं अविचार?" प्रश्न एका घराचा असला तरी उत्तर अनेकांस उपयोगी पडेल, म्हणून या महिन्यांत तोच विषय घेत आहों.

या डब्यास तिकडे 'ट्रॅव्हल ट्रेलर' म्हणतात. आंत शय्या, चूल, शीतकपाट, स्नानगृह व शौचकूप इतकें सर्व असतें. ही रीत नवी नव्हे. १९१९ सालीं फ्लॉरिडांतील टँपा येथें अशा प्रवाशांचें 'टिन कॅन टूरिस्ट्स' नांवाचें मंडळ निघालें, आणि १९३६ सालीं वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीनें अॅल्युमिनियमचा 'क्लिपर' हा डबा विक्रीस काढला. तथापि बहुतेक डबे सुटींतील चार दिवसांसाठीं बांधलेले असतात, बारमास संसारासाठीं नव्हेत. पुष्कळ कारखानदारांची हमी व पुष्कळ विमापत्रें कायम वास्तव्य करणारास लागू होत नाहींत. तेव्हां डबा घेण्यापूर्वीं तें कलम वाचणें ही पहिली पायरी.

दुसरी गोष्ट वजनाची. प्रत्येक डब्यावर सामानासह कमाल वजनाची पाटी असते. त्या आंकड्यांतून रिकाम्या डब्याचें वजन वजा केलें म्हणजे संसारासाठीं उरलेला भार निघतो. तो पुष्कळदा थोडकाच असतो. एक लिटर पाण्याचें वजन एक किलो. दीडशें लिटरांची टांकी भरली कीं दीडशें किलो तेथेंच गेले. शिवाय डब्याच्या एकूण वजनापैकीं शेंकडा १० ते १५ भाग जोडणीवर पडला पाहिजे. याहून कमी पडल्यास वेगांत डबा शेंपटीसारखा हेलकावे खाऊं लागतो व मोटारीसह उलटूं शकतो. म्हणून जड वस्तु आंसाजवळ व खालीं ठेवाव्या, आणि सर्व सामान भरून मालमोटारींच्या कांट्यावर एकदां वजन करून घ्यावें. संन्याशास अपरिग्रह शास्त्र शिकवितें. येथें तो कांटा शिकवितो.

आंतील फेरफार करतांना अनुभवी लोक आधीं कांहीं काढतात, मग कांहीं घालतात. बसविलेला कोच काढून तेथें लिहिण्याचें मेज, पातळ गादीऐवजीं चांगली गादी, रिकाम्या कोनाड्यांत फळ्या. भिंती पातळ असल्यामुळें स्क्रू आंतल्या चौकटींतच बसवावे लागतात, आणि प्रत्येक कपाटास खटका हवा, कारण हें घर दर प्रवासांत भूकंप सोसतें. परंतु सजावटीहून छप्पर महत्त्वाचें. झरोके, खिडक्या व कोपरे यांच्या सांध्यांतील लुकण सुकून चिरतें, पाणी आंत शिरतें, आणि तें दिसूं लागेपर्यंत आंतील लांकूड कुजलेलें असतें. दर तीन-चार महिन्यांनीं सांधे तपासून चिरा भरून घ्याव्या.

विजेचें गणितही आधींच मांडावें. मुक्कामाच्या तळावर १२० व्होल्टची वीज मिळते. ३० अँपिअरच्या जोडणीवर ३,६०० वॅटपर्यंतच भार चालतो. रानांत भिस्त बॅटरी व सौरपट्ट यांवर. शिशाच्या बॅटरीची निम्मीच शक्ति वापरणें हिताचें. लिथियम-लोह-फॉस्फेटची बहुतेक सगळी वापरतां येते, मात्र पाणी गोठेल अशा थंडींत ती भारूं नये. पाण्याच्या टांक्या तीन: स्वच्छ पाण्याची, सांडपाण्याची व मैल्याची. शेवटच्या टांकीची झडप बंद ठेवून ती बरीच भरल्यावरच नेमल्या जागीं रिकामी करावी. झडप उघडी राहिल्यास पाणी तेवढें वाहून जातें व उरलेलें आंत वाळतें. हें काम घरधन्यानें स्वतःच करावयाचें असतें. सोंवळ्याओंवळ्यानें जें आम्हांस शिकविलें नाहीं, तें श्रमाचें मोल तेथें आपोआप कळतें. स्वयंपाकाचा प्रोपेन वायु हवेहून जड असतो, म्हणून त्याची सूचनाघंटा जमिनीलगत असते. तिच्या जोडीस धूर व कार्बन मोनॉक्साइड यांच्या घंटा चालू असल्याविना रात्रीं झोंपूं नये.

संसारास पत्ताही लागतो. टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन येथील 'एस्केपीज' ही १९७८ सालीं निघालेली संस्था सभासदांचें टपाल स्वीकारून ते असतील तेथें पाठविते. मुलांस घरीं शिकविणें तेथील पन्नासही राज्यांत कायदेशीर आहे, परंतु नियम राज्याराज्यांत भिन्न आहेत. शिक्षक या नात्यानें आम्ही इतकेंच म्हणूं कीं, भूगोल मुलांच्या डोळ्यांपुढें उभा राहील. सोबती मात्र दर मुक्कामास सुटतील, आणि ती उणीव आईबापांनींच भरून काढावयाची आहे.

आतां मुख्य प्रश्न. या वाटेनें जाणारे दोन प्रकारचे. कांहीं हौसेनें जातात. कांहींस २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर घर राखणें परवडेना म्हणून जावें लागलें. जेसिका ब्रूडर यांनीं २०१७ सालीं 'नोमॅडलँड' या ग्रंथांत या दुसऱ्यांची हकीकत दिली. त्यावरील चित्रपटास २०२१ सालीं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें ऑस्कर मिळालें. बाहेरून दोघांचे डबे सारखेच दिसतात. म्हणून वडिलांनीं रागावण्यापूर्वीं शांतपणें विचारावें: कर्ज झालें आहे काय? नोकरी शाबूत आहे ना? सूनबाईंची इच्छा निराळी विचारली आहे काय? कर्ज निघाल्यास उपदेश नको, मदत हवी. दूरदेशीं मुलगा अडचण लपवितो, ती बहुधा वडिलांच्या अपेक्षेस भिऊनच.

आणि केवळ हौस असेल, तर आग्रह दोनच गोष्टींचा धरावा. आधीं डबा भाड्यानें घेऊन भर हिवाळ्यांत महिनाभर राहून पाहावें. आणि घर विकूं नये, वर्षभर भाड्यानें द्यावें. डब्याची किंमत वर्षागणिक उतरते. विकलेलें घर त्याच किंमतीस परत मिळेलच असें नाहीं. उपर्युक्त संस्थेनेंच वृद्ध व आजारी सभासदांस डब्यांत राहून मदत मिळावी अशी सोय लिव्हिंग्स्टन येथें उभारली. चाकें केव्हां तरी थांबतात, हें त्या जुन्या प्रवाशांनींही ओळखलें होतें.

संस्कृतांत 'यत्रसायंगृह' असा एक शब्द आहे. जेथें सांज होईल तेथें ज्याचें घर, तो. तें विरक्ताचें वर्णन होय. गृहस्थास तें व्रत घ्यावयाचें असेल, तर परतीचें एक दार उघडें ठेवूनच घ्यावें. आणि तें दार वडिलांच्या घराचें असेल, तर 'केव्हांही या' असें त्यांनीं मुलांस आजच लिहून टाकावें.