चट्ट्याला स्पर्श करून पाहा

त्वचेवर फिकट चट्टा घेऊन आलेला रुग्ण ही आपल्या चिकित्सालयातील नित्याची बाब होय. दद्रू, सिध्म वा श्वित्र असे निदान करून आपण लेप व रक्तशोधक काढा देतो आणि पुढील रुग्णाकडे वळतो. या घाईत कुष्ठरोग निसटतो, हे आम्ही स्वानुभवाने लिहीत आहोत. गवंडीकाम करणाऱ्या एका रुग्णाच्या हातावरील चट्ट्यास आम्ही दद्रू समजून चार महिने लेप दिला. करंगळी वाकू लागली, तेव्हा कोपरामागील जाड झालेली नस आमच्या बोटांना जाणवली. पुढे योग्य औषधाने रोग बरा झाला. बोट मात्र सरळ झाले नाही.

दर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण, हे उद्दिष्ट देशाने डिसेंबर २००५ मध्ये गाठले. त्यातील ‘निर्मूलन’ या शब्दाने रोग संपल्याचा समज रूढ झाला. वस्तुतः जगातील नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात आढळतात.

आपले शास्त्र याविषयी मूक नाही. सुश्रुतांनी कुष्ठाच्या पूर्वरूपांत अंगप्रदेशांचा ‘स्वाप’ सांगितला असून, या व्याधीस औपसर्गिकांत गणले आहे. म्हणजे परीक्षा आपल्या ग्रंथातच आहे. करायची तेवढी राहते. रुग्णास डोळे मिटावयास सांगून कापसाच्या टोकाने चट्ट्यास स्पर्श करावा. स्पर्श कळत नसेल, कंड नसेल, नस जाड वा दुखरी असेल, तर रुग्णास विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. तेथे बहुविध औषधोपचार विनामूल्य मिळतो व रोगप्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांत पूर्ण होतो. नसेची हानी जुनी झाल्यावर ती क्वचितच भरून येते. म्हणून विलंबाचे मूल्य रुग्ण हातापायांनी चुकवितो.

तुवरकाचा वारसा आम्हांसही अभिमानास्पद वाटतो. परंतु त्या अभिमानापायी रुग्णास सिद्ध उपचारापासून रोखणे हा वैद्यधर्म नव्हे. पथ्य, व्रणोपचार व धीर देणे हे आपले कार्य त्या उपचारासोबत चालू राहू शकते.

औषधविक्रेत्या बंधूंनाही विनंती आहे. तेच मलम वारंवार नेणाऱ्या ग्राहकास ‘खाज येते का, स्पर्श कळतो का’, एवढे विचारावे आणि स्टेरॉइडयुक्त मलम चिठ्ठीवाचून देऊ नये.

रुग्ण दुसरीकडे पाठविल्याने वैद्याची प्रतिष्ठा उणावत नाही. वाकलेले बोट मात्र आपल्या चुकीची साक्ष आयुष्यभर देत राहते.