वही आणि केसपेपर

बारा वर्षं मी श्रद्धेविषयी, जगण्याविषयी वही लिहिते आहे. परवा जुन्या वह्या चाळल्या. उपास, अंबाबाईचं दर्शन, मनातल्या शंका, सगळं आहे. केंद्रात ऐकलेली मारहाण नाही. ती केसपेपरात.

संत बहिणाबाईंनी (१६२८–१७००) अशी वाटणी केली नाही. याच कोल्हापुरात कीर्तनात जयरामस्वामींनी डोक्यावर हात ठेवला, गावभर चर्चा झाली, आणि नवऱ्यानं त्या कोवळ्या पोरीला बांधून मारलं. आत्मचरित्रपर अभंगांत तो मारही भक्तीशेजारीच आहे.

आपल्याकडे येणारी बाईही दोन्ही एका दमात सांगते. आपण देव गाळून उरलेलं टिपतो (आणि त्याला पुरोगामीपणा म्हणतो!). मैत्रिणींनो, देवानं तिला सोसायला शिकवलं की उंबरा ओलांडायचं बळ दिलं, हे तिला विचारायचं कधी?