मालकी विकता, मग दार का अडवता?

फ्लोरिडातल्या ऑर्लँडोच्या सुसज्ज दालनात गिऱ्हाइकाला सांगतात, 'तुम्ही मालक होणार!' साफ खोटे! टाइमशेअरमध्ये, म्हणजे रिसॉर्टमधला दरवर्षीचा ठरावीक मुक्काम विकत घेण्याच्या व्यवहारात, विकली जाते ती रांगेतली जागा; आणि ती जागा कितवी, हे पैसे मोजण्याआधी कोणी धडपणे समजावत नाही. किंमत, चकचकीत फोटो, पोहण्याचा तलाव सगळे पुढ्यात. खोली किती महिने आधी मागावी लागेल, हा व्यवहाराचा प्राण मात्र नियमांच्या चोपडीत!

डिस्नेच्या टाइमशेअरचा नियम घ्या. ज्या रिसॉर्टमध्ये मालकी घेतली त्या 'घरच्या' रिसॉर्टचे बुकिंग 11 महिने आधी, इतर रिसॉर्टचे 7 महिने आधी. नाताळचा मुक्काम 25 डिसेंबरपासून हवा, तर घरच्या रिसॉर्टचे दार 25 जानेवारीला उघडते, बाकीच्यांचे 25 मेला. चार महिने घरची पंगत जेवून उठल्यावर बाहेरच्याला पाटावर बोलावणे! तरीही यात थोडा न्याय आहे: ज्याने जिथे घेतले, त्याला तिथे आधी. हिल्टन या हॉटेल कंपनीची घरची मुदतही 12 ते 9 महिन्यांची, त्याच धाटणीची.

संताप येतो तो मॅरियट या दुसऱ्या हॉटेल कंपनीच्या आठवडे-पद्धतीचा, जिथे मालकी आठवड्यांच्या हिशेबाने विकली जाते. एकच आठवडा मागणाऱ्याला बुकिंग 12 महिने आधी. दोन किंवा अधिक आठवडे सलग अथवा एकाच वेळी मागणाऱ्याला 13 महिने आधी! दोघेही मालक, दोघेही दरवर्षी देखभालीचा आकार भरतात. पण ज्याच्या पदरी जास्त आठवडे, तो महिनाभर आधी येऊन सुट्टीच्या गर्दीतली खोली उचलतो. ही मालकी नव्हे, ही वतनदारी आहे!

आणि वर्षभर आधी सुट्टी ठरवणार कोण? जिची पाळी पुढच्या महिन्याची कळत नाही ती परिचारिका? खोली मिळो न मिळो, आकार मात्र चुकत नाही. फ्लोरिडाचा कायदा करार मोडायला 10 दिवस देतो. अकरा महिन्यांच्या नियमाची परीक्षा दहा दिवसांत कशी घ्यायची?

आपल्याकडेही 25 वर्षांसाठी वर्षाला 7 दिवस विकले जातात, हंगामांना रंगांची नावे देऊन. महाराष्ट्रातल्या शाळा सुटतात मे महिन्यात आणि दिवाळीत. सारा मध्यमवर्ग तेव्हाच गोवा-महाबळेश्वरला धावणार, हे विकणाऱ्याला ठाऊक नाही काय? फ्लॅट घेणाऱ्याच्या पाठीशी 2017 पासून महारेरा उभे आहे. बापाची भविष्यनिर्वाह निधीची पुंजी ज्या टाइमशेअर-करारात जाते, त्याच्या पाठीशी कोण?

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्यायकारक कराराची व्याख्या आहे. ती वापरा! बुकिंगची मुदत कराराच्या पहिल्या पानावर, किमतीच्याच टायपात छापा. त्या हंगामात खोल्या किती आणि हक्कदार किती, तेही तिथेच लिहा. सही झाल्यावर त्या मुदतीला मालकाच्या संमतीवाचून हात लावाल, तर त्याचे पैसे व्याजासह परत करा.