भाडं वेळेवर येतं, पण...

परवा ओळखीच्या एक काकू घरी आल्या होत्या. यजमान शिक्षक होते. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी परसात दोन खोल्या बांधल्या. गावात फार्मसीचं कॉलेज निघालं, तेव्हापासून त्या कधी रिकाम्या राहिल्या नाहीत. आता काका नाहीत. काकूंचं औषधपाणी, लाइटबिल सगळं त्या भाड्यावरच चालतं. बोलता बोलता त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘‘मागच्या खोलीतली मुलं हल्ली वेगळीच वाटतात गं. रात्री एकेक जण येतो, पाच मिनिटं थांबतो आणि जातो. खिडकीला आतून वर्तमानपत्रं चिकटवलीत. भाडं मात्र एक तारखेला हातात. काय बोलू?’’

मैत्रिणींनो, हा प्रश्न एकट्या काकूंचा नाही. बोललं तर भाडं जाईल, चारचौघांत घराचं नाव निघेल, उगाच कुणाच्या पोरावर आळ येईल, अशी भीती असतेच. म्हणून आपण गप्प बसतो.

‘हे सगळं मुंबई-पुण्याला’ असं म्हणायचे दिवसही गेले. मेफेड्रोन, ज्याला मुलं ‘एमडी’ म्हणतात, ते बनवण्याचे कारखाने ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये दौंड तालुक्यातल्या कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत पकडले गेले. असा माल ठेवायला, विकायला लागते ती फक्त कुणी फारसं काही विचारणार नाही अशी एक जागा. आपली मागची खोली, गाळा किंवा शेड तशी होऊ नये, एवढं तर आपल्या हातात आहे.

कायदा काय म्हणतो, तेही समजून घेऊ. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम २५ सांगतं, की घरमालकाने जाणूनबुजून आपली जागा अशा कामाला वापरू दिली, तर मूळ गुन्ह्याला जी शिक्षा तीच त्यालाही. माल व्यापारी प्रमाणात, म्हणजे एमडी ५० ग्रॅमच्या वर किंवा गांजा २० किलोच्या वर असेल, तर ही शिक्षा दहा ते वीस वर्षं सक्तमजुरी! ‘जाणूनबुजून’ हा शब्द इथे महत्त्वाचा. खरोखरच काही ठाऊक नसेल, तर मालक गुन्हेगार ठरत नाही. पण संशय येऊनही डोळे मिटून घेतले, तर ‘मला माहीत नव्हतं’ हे पटवणं कठीण जातं.

म्हणून काळजी किल्ली देण्याआधीच घ्यायची. एजंटाच्या भरवशावर न राहता भाडेकरूला समोर बसवून बोला. ओळखपत्र मूळचं बघा, फोटो आणि प्रत ठेवा. विद्यार्थी असेल तर कॉलेजचा दाखला मागा, आईवडिलांशी फोनवर बोला. आधीच्या घरमालकाला विचारा. न मागता सहा महिन्यांचं भाडं रोख पुढे करणारा, पण कागदाचं नाव काढलं की टाळाटाळ करणारा माणूस असेल, तर घाई करू नका. भाडं शक्यतो बँकेतच घ्या.

करार नोंदणी केलेलाच हवा. नुसत्या स्टँपपेपरवर नोटरी करून भागत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर भाडेकरू सांगेल त्याच अटी आधी खऱ्या धरल्या जातात. खोलीत किती जण राहणार, पोटभाडेकरू ठेवायचा नाही, आधी कळवून मालक खोली बघू शकेल, हे सगळं करारात लिहून घ्या. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या आणि पोच जपून ठेवा.

आणि संशय आलाच तर? एकटीने खोलीत शिरू नका. काही सापडलं तर हात लावू नका, फेकून तर मुळीच देऊ नका. नळ-लाइट तोडून बाहेर काढायला जाऊ नका. तो आपलाच गुन्हा ठरतो. काय दिसलं ते तारीख-वेळेसह वहीत लिहा, घरातल्या विश्वासाच्या माणसाला सांगा आणि पोलिसांना लेखी कळवा. अमली पदार्थांची माहिती देण्यासाठी १९३३ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तातडीची वेळ असेल तर ११२.

मात्र संशय म्हणजे पुरावा नव्हे. लांब केस, परकी भाषा, वेगळी जात किंवा धर्म, उशिरापर्यंत जागणं, यावरून कुणाला गुन्हेगार ठरवू नका. ‘बॅचलर मुलं नकोतच’ हाही उपाय नाही. बाहेरगावी शिकायला गेलेली आपलीही मुलं कुणाच्या तरी खोलीत राहतातच की! एखादा मुलगा नुसताच व्यसनात अडकलेला असेल, तर त्याच्यासाठी १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे. स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूदही याच कायद्यात आहे.

शेवटी एक गोष्ट मनाला लागून राहते. परसात कोण येतं, कोण जातं, वास कसला येतो, हे सगळ्यात आधी घरातल्या बाईला कळतं. पण करार होतो तेव्हा ती चहा करत असते! सही यजमानांची, बोलणी एजंटाची, निस्तरायची वेळ आली की मात्र दारात उभी ती. हे बदलायला हवं. भाडेकरू ठरवताना बैठकीत बसा, कागद वाचा, प्रश्न विचारा. आणि बाई अर्ज घेऊन आली, तर तिला चार हेलपाटे न घालता पोच देणं, तिचं नाव न फोडणं, हे पोलिसांनीही आपलं काम मानायला हवं.

काकूंनी पुतण्याला सोबत घेऊन अर्ज दिला. कदाचित त्यातून काहीच निघणार नाही. तसं झालं तर सगळ्यात जास्त आनंद काकूंनाच होईल. पण आता त्यांना रात्री झोप लागते. एक तारखेच्या भाड्यापेक्षा ती झोप मोलाची नाही का?